पातळ तेल

"सील माझ्यासमोर फोडा," पिलसून म्हणाली.

हाम मेकॅनिकने फडकं बाजूला ठेवलं आणि इंजिन-तेलाचा सीलबंद डबा तिच्यापुढे धरला. तिने चष्मा नाकावर ओढून डब्यावरचे आकडे वाचले, झाकण नखाने चाचपलं आणि डबा उघडल्यावर एक थेंब चिमटीत चोळून पाहिला. थेंब बोटांवरून चटकन पसरला.

"हे पातळ आहे. बांग भाऊजी मधासारखं घालायचे."

"तेच तर आत्ता काढलं, काकू. वर खिंडीत पहाटे उणे पंधरा असतं. तो मध चढेपर्यंत इंजिन कोरडंच घासतं. गाडीच्या पुस्तकात थंडीसाठी हेच तेल दिलंय."

इंजिनात तेल भरून होईपर्यंत पिलसून जागची हलली नाही.

चौसष्ट वर्षांच्या मेंग पिलसूनचा स्वभावच तसा होता. टोफू वास घेतल्याशिवाय घ्यायची नाही, अंडं उजेडात धरल्याशिवाय टोपलीत टाकायची नाही. तिची बावीस वर्षांची एक टनी गाडी किराणा विकत खिंडीपलीकडच्या अकरा वस्त्यांवर फिरायची. तिकडे दुकान नव्हतं, बस बंद झाली होती आणि माणसं सत्तरीच्या पुढची. आधी नवरा मान्सोक गाडी चालवायचा आणि ती शेजारी बसून गिऱ्हाइकं सांभाळायची. चार वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या दुखण्याने तो गेला आणि तिने स्टिअरिंग हातात घेतलं. साऱ्या जगात एका गोष्टीबद्दल तिला कधी शंका आली नव्हती, ती म्हणजे ही गाडी.

गाडीची दुरुस्ती बघायचा तो बांग, मान्सोकचा जिवलग. यंदा पानगळीत त्याला झटका आला, उजवं अंग गेलं आणि गॅरेज या हामकडे आलं. हाम इंचॉनहून आलेला. भरलं शहर सोडून माणूस डोंगरात येतो, म्हणजे तिकडे काहीतरी करून आला असणार, हे पिलसूनने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

तेल बदलल्यावर तिसऱ्या दिवशी सीटखालच्या इंजिनातून आवाज यायला लागला. टक, टक, टक. चढावर वाढायचा, उतारावर जरा कमी व्हायचा. ती तशीच हामकडे गेली. त्याने सीट उचलून बराच वेळ ऐकलं आणि आतले बेअरिंग झिजलेत म्हणून सांगितलं. ही झीज जुनी आहे, घट्ट तेलाने नुसती झाकलेली होती. पुढेमागे दुसरं इंजिन बसवावं लागेल, असंही म्हणाला.

आलं ना पोटातलं ओठावर, पिलसूनने मनात म्हटलं. आधी बिघडवायचं, मग इंजिन गळ्यात मारायचं. तिने तेल मोजायच्या पट्टीवरून ठिबकलेलं तेल औषधाच्या रिकाम्या बाटलीत धरलं आणि गाडी थेट बांगला ठेवलं होतं त्या शुश्रूषागृहाकडे वळवली.

बांग खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होता. तिने सगळं सांगितलं, हामला चार शिव्याही दिल्या. बांगने डाव्या हाताने बाटली उजेडाकडे तिरकी केली, हुंगली. बोलणं त्याला जड जात होतं.

"तेल बरोबर आहे, वहिनी."

"मग आवाज कुठून आला?"

त्याने बाटली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. तिने पुन्हा विचारलं.

"आवाज सहा वर्षांचा आहे. मान्सोकला कळलं होतं. मी घट्ट तेल घालायचो, वर आवाज दाबायचं औषध. तो गेल्यावरही घालत राहिलो."

"का?"

"मान्सोकच म्हणाला होता, ती कुणावर विश्वास ठेवत नाही, या गाडीवर ठेवते. तेवढा राहू दे."

पिलसूनने बाटली परत घेतली, बूच घट्ट लावलं. भाऊजींच्या मांडीवरची घसरलेली गोधडी सारखी केली आणि बाहेर आली. गाडी सुरू न करता ती कितीतरी वेळ बसून राहिली. मान्सोक खोकायचा तेव्हा तोंड दुसरीकडे करून खोकायचा, कफाचा रुमाल स्वतः धुवायचा. त्याचं दुखणंही तिला शेवटच्या महिन्यात कळलं होतं. राग आला, पण तो कुणावर काढायचा? एक जमिनीखाली, दुसरा खुर्चीत.

दुसऱ्या दिवशी हामच्या दारात उभी राहून तिने तुटकपणे विचारलं, कुठलं तेल घातलं तर काय होईल.

"घट्ट घातलं तर आवाज दबेल," हाम म्हणाला. "आणि एक दिवस खिंडीत न सांगता जाम होईल. हेच ठेवलं तर वाजत राहील. पण झीज वाढली की आवाजावरून तुम्हाला कळेल."

"किती दिवस?"

"एक हिवाळा. जपून चालवलीत तर दोन. खोटं कशाला सांगू, काकू."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, अंडं उजेडात धरून बघावं तशी. मग म्हणाली, "हेच राहू द्या." आणि डब्यात उरलेलं तेल, कमी झालं तर वरून घालायला म्हणून, मागून घेतलं.

मंगळवारी ती शेवटच्या वस्तीवर पोहोचली. एकट्या राहणाऱ्या प्योन आजी काठी टेकत कुंपणापर्यंत आल्या. गाडी चालूच होती, टक टक करत. आजींनी दारावर हात ठेवला, विचारलं, गाडी आजारी आहे का.

"म्हातारी झालीय," पिलसून म्हणाली.

"किती दिवस येईल अजून?"

आजवर असल्या प्रश्नाला ती उलटा प्रश्न करायची. आज म्हणाली, "पुढच्या हिवाळ्याचं सांगता येत नाही, आजी. आवाज वाढला की सांगेन."

आजींनी कान देऊन इंजिन ऐकलं.

"मग आज मिठाच्या एकाऐवजी दोन पिशव्या दे," त्या म्हणाल्या.