मार्सलीच्या डबीतलं काडतूस

मी एक जुनं काडतूस आहे, मित्रांनो. घाबरून हात मागे घेऊ नका. आता मी नुसती पितळेची पुंगळी उरले आहे, तुमच्या करंगळीच्या एका पेराएवढी. माझ्यात ना दारू आहे, ना पुढचं शिसं. पण ती दोन्ही पोटाशी धरून मी तेवीस वर्षं एका लोखंडी कपाटात बसून होते. माझं कामाचं आयुष्य विचाराल, तर ते डोळ्याचं पातं लवायच्या आत संपलं. बाकी सगळं नुसतं वाट पाहणं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. आम्ही बावीस बोअरच्या, म्हणजे काडतुसांतल्या सगळ्यांत धाकट्या. मोठ्या काडतुसांच्या बुडाशी मधोमध टिकली असते. आमचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून आम्ही कडेवर मार खाऊन पेटतो. त्यातही माझी जात शांत. जी गोळी आवाजाला मागे टाकून पळते, तिच्यामागे हवेत चाबूक ओढल्यासारखा कडाका होतो. आम्ही आवाजाच्या मागूनच चालतो, बेताने. आमच्यात ज्याचा गवगवा कमी तो मोठा. माणसांत असं नसतं म्हणतात.

एका पिंपातल्या दारूने, एका यंत्रावर, एका दिवशी भरलेल्या आम्ही पन्नास बहिणी एका पुठ्ठ्याच्या डबीत शिरलो आणि बोटीने बेटावर आलो. पश्चिमेला पांढरी वाळू, वाळूवर गवत, गवतात ससे. तिथला टॉर्मोड मेंढ्या पाळायचा, बटाटे लावायचा आणि या सशांशी त्याचं हाडवैर होतं. त्याची रायफल जुनी आणि भारी चोखंदळ. सुनेच्या हातचं न खाणारी सासू असते ना, तशी. दुसऱ्या कोणाच्या रायफलीत बिनचूक जाणारी गोळी हिच्यात भरली की हातभर बाजूला जायची. म्हणून त्या उन्हाळ्यात टॉर्मोडने पाच जातींची काडतुसं आणली आणि वाळूच्या खाणीत पुठ्ठे उभे केले. नेम धरायला त्याची चौदा वर्षांची मुलगी होती, मार्सली.

आमची डबी तिनेच उघडली. अंगठ्याने पुठ्ठा दाबून, दातांत जीभ धरून. पन्नास पावलांवरून तिने पाच गोळ्या झाडल्या आणि धावत जाऊन पुठ्ठा घेऊन आली.

"बाबा, बघ! पाचही भोकं एका नाण्याखाली झाकतायत."

"तुझा हात आज स्थिर आहे, म्हणून," टॉर्मोड म्हणाला. "गोळीला डोक्यावर चढवू नको."

"हात मघाशीही हाच होता की! तेव्हा तर म्हणालास, शिंकलीस का म्हणून."

टॉर्मोड हसला. हरला की तो हसायचा. "बरं बाई. हीच घेऊ."

"हीच नाही, ह्याच आकड्याच्या. डबीवर आकडा छापलाय बघ. दुसऱ्या आकड्याची दारू दुसरी. दुकानात आहेत तेवढ्या सगळ्या उचल."

त्याने सगळ्या उचलल्या, दहा डब्या. मित्रांनो, माझं कौतुक झालं ते एवढंच, पण मला ते पुरून उरलं.

ऑक्टोबरात मार्सली शिकायला शहरातल्या वसतिगृहात गेली. फेब्रुवारीत तिला ताप आला आणि तीन दिवसांत ती गेली. बोटीतून परत आली ती पेटीत. समुद्राकडच्या दफनभूमीत, अगदी बांधाजवळच्या पहिल्या रांगेत तिला पुरलं.

त्यानंतर एका सकाळी टॉर्मोडने बंदुकीचं कपाट उघडलं. कपाटाच्या वरच्या अंगाला एक छोटा लोखंडी खण होता. मार्सलीने उघडलेली डबी, म्हणजे आम्ही पंचेचाळीस जणी, त्याने त्या खणात ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली. बाकीच्या दहा डब्या वर्षा-दोन वर्षांत सशांवर खर्ची पडल्या. आमच्या बहिणी कामाला येऊन सुटल्या. आम्हाला मात्र कोणी हात लावेना.

अंधाराची सवय होते असं लोक म्हणतात. मला झाली नाही. कपाट टॉर्मोडच्या खोलीतच होतं, त्यामुळे आवाज सगळे कानी यायचे आणि न दिसलेलं मी त्यांवरून जुळवायचे. चुलीत माती-गवताची वाळलेली ढेपळं ढासळायची. टॉर्मोडची बायको दोलिना खारवलेला मासा तळताना रेडिओबरोबर गुणगुणायची. खालच्या कप्प्यातून रायफल बाहेर जायची आणि तेलाचा वास घेऊन परत यायची, पुन्हा कोणाच्या तरी भलत्याच गोळ्या खाऊन आलेली. दर काही वर्षांनी परवाना तपासायला हवालदार यायचा, खण उघडायला लावायचा, आम्हाला मोजायचा. तेवढाच आमचा उजेड.

"ही डबी कधी संपवणार, टॉर्मोड?"

"संपवायची नाहीये."

"चांगली नाहीत का?"

"यांच्यासारखी पुन्हा झाली नाहीत."

"मग?"

टॉर्मोड कुलूप लावायचा. मला तेव्हा इतका राग यायचा की काय सांगू. दारूला वय असतं, मित्रांनो. समुद्राकाठची दमट हवा लोखंडातूनही शिरते. माझ्या अंगावर हिरवट डाग पडू लागला होता. चांगली म्हणून कोंडली, आणि कोंडली म्हणून बिघडली, असं झालं तर दाद कोणाकडे मागायची?

मग टॉर्मोडला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं. जीभ जड झाली, पण धार तशीच राहिली. आता तोही त्याच खोलीत, कपाटासमोरच्या पलंगावर, रात्रंदिवस. मी आत, तो बाहेर. एकमेकांकडे तोंड करून आम्ही दोघंही अडकलो होतो.

त्याच वर्षी ससे माजले. जुलैच्या शेवटी दफनभूमीच्या समितीचा मर्डो अँगस आला. चर्चमधला वडीलधारा माणूस, देहापेक्षा आवाज मोठा. चहा आणि स्कोन नावाचे छोटे पाव पुढे आले तरी तो टेकला नाही.

"आपण रविवारी आत स्तोत्रं म्हणतो आणि ते बाहेर थडग्यांवर बसून मिशा साफ करतात. त्यांनाही कळतं, आज बंदूक निघत नाही."

"निदान वार तरी पाळतात," दोलिना म्हणाली. "काम काय काढलंत?"

मर्डो अँगसने टोपी हातात फिरवली. "बांध पोखरलाय, दोलिना. चाळीस बिळं मोजली. हिवाळ्याची एक मोठी लाट आली की पहिली रांग समुद्रात. समिती म्हणते, बांध भरून वर गवत लावू. पण ससे असेपर्यंत भरून उपयोग नाही, ते पुन्हा पोखरणार. ऑगस्टअखेर ससे हटले नाहीत, तर…"

"तर?"

"तर पहिली रांग उकरून रस्त्याकडच्या नव्या जागेत हलवायची. बाराही थडगी."

बारापैकी शेवटचं थडगं कोणाचं होतं ते तिघांनाही ठाऊक होतं.

"तिला उकरू देणार नाही," दोलिना म्हणाली. "परवाना माझ्याही नावावर आहे. मी बघते."

दुकानात आता आमची जात मिळत नव्हती. दोलिनाने तीन नव्या जाती आणल्या. पहिलीचा पुठ्ठा तिने टॉर्मोडपुढे धरला.

"हे काय? कोंबड्यांना दाणे टाकलेस?"

"तुझी रायफल, म्हाताऱ्या. तुझ्यासारखीच आहे, काही म्हणजे काही पसंत पडत नाही."

दुसरी जात नेमाला बरी निघाली, पण जोरात पळणारी. दोलिना संध्याकाळी हात हलवत परत आली. एक ससा पडला आणि कडाका ऐकून बाकीचे तीस बिळात. तासभर एकाने नाकही बाहेर काढलं नाही. असं एकेक टिपत बसलं असतं तर नाताळ उजाडला असता.

तिसरी जात शांत होती, म्हणून सगळ्यांची आशा तिच्यावर. त्या संध्याकाळी दोलिना फार उशिरा आली. तिच्या उजव्या बाहीला खांद्यापर्यंत वाळू होती.

"काय झालं?" टॉर्मोडने विचारलं.

"गोळी खाली गेली. मागच्या पायांत लागली. ओरडला, टॉर्मोड. ससा ओरडतो ते लहान मुलासारखं. बिळात शिरला. मी खांद्यापर्यंत हात घातला, हाताला लागला नाही." ती पलंगाच्या कडेवर बसली. "अजून आतच असेल. जिवंत."

टॉर्मोडने डोळे मिटले. नेम चुकून जखमी केलेलं जनावर म्हणजे त्याच्या लेखी पाप. गोळी वर गेली असती तर आणखी वाईट, कारण बांधाच्या वर थडग्यांचे दगड उभे होते.

"किल्ली दे," दोलिना म्हणाली.

"कसली?"

"वेड पांघरू नको. गळ्यातली."

"त्या डबीला हात लावायचा नाही."

"का?"

"ती तिच्यासाठी ठेवलीय."

"तिच्यासाठी?" दोलिनाचा आवाज एकदम खाली आला. खणात तो मला जेमतेम ऐकू आला. "तेवीस वर्षं तू या कपाटाकडे तोंड करून झोपतोस. मी काही बोलले नाही. पण ती तिकडे आहे, टॉर्मोड. बांधाजवळ. कपाटात नाहीये."



"तिचा अंगठा लागलाय त्या पुठ्ठ्याला," तो म्हणाला. शब्द नीट उमटत नव्हते. "डबी संपली की मग काय राहिलं?"

"तिचं थडगं राहील. ते राहू दे की रे."

मी श्वास रोखला असं म्हणाले असते, पण मला श्वास कुठला. मग पलंग करकरला. एका हाताने दोरी सुटेना, म्हणून टॉर्मोडने गळ्याचं बटण घालून घेणाऱ्या लहान मुलासारखी हनुवटी वर केली. दोलिनाने कात्रीने दोरी कापली.

खण उघडला. उजेड आत आला तेव्हा मला आनंद झाला असं वाटेल तुम्हाला. खरं सांगते, भीती वाटली. तेवीस वर्षं मी सुटकेसाठी तळमळले होते आणि आता पोटातली दारू जिवंत आहे की नाही हेच मला माहीत नव्हतं. दोलिनाने आम्हाला एकेक करून फडक्याने पुसलं. माझ्या हिरव्या डागावर तिचं बोट जरा थांबलं, पण तिने मला बाजूला काढलं नाही.

शनिवारची संध्याकाळ होती. दगडी कुंपणाआड ती पोटावर पालथी झाली. समोर चाळीस पावलांवर वाळूचा बांध, सगळा भोकाभोकांचा, आणि त्याच्या पायथ्याशी ससे चरत होते. पहिल्या बहिणीने काम केलं. दुसरीने केलं. तिसरी पेटलीच नाही. दोलिनाने तिला बाहेर काढून वेगळ्या खिशात टाकलं. बिचारी आमच्यासारखीच चांगली होती, वाट पाहता पाहता आतल्या आत विझून गेली.

चौथी मी.

रायफलीने मला ओळखलं असावं. पोलाद सगळीकडून घट्ट मिठीसारखं बसलं, जरासुद्धा जागा उरली नाही. कपाटाहून अंधारी, कपाटाहून अरुंद अशी ती जागा. मग कडेवर एक टोचा बसला आणि पोटातलं सगळं निघून गेलं. आवाज झाला तो जाड पुस्तक मिटल्याएवढा. ससा होता तिथेच कलंडला. त्याच्या शेजारच्याने कान उभे केले, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

मी गवतात पडले, गरम आणि रिकामी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यात वारा शिरला.

त्या संध्याकाळी नऊ ससे पडले. तिथे मेंढ्या चरतात म्हणून दोलिनाने आम्हा सगळ्या पुंगळ्या वेचून खिशात घातल्या आणि घरी येऊन टॉर्मोडच्या गोधडीवर ओतल्या. तो समुद्राकडची खिडकी उघडी टाकून बसला होता. खोली गार पडली होती.

"ऐकू आलं?" दोलिनाने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "कान लावून बसलो होतो. समुद्राशिवाय काही नाही." आणि तो रडायला लागला. "म्हणजे बरोबर लागल्या."

"नऊ. एकही तडफडला नाही."

त्याने डाव्या हाताने मला उचललं, नाकाशी नेलं, जळक्या दारूचा वास घेतला.

"किती उरल्या?"

"पस्तीस."

"उद्या रविवार," टॉर्मोड म्हणाला. "सोमवारी जा. रोज जा. आणि दोलिना, एकही भरलेली माझ्याकडे परत आणू नकोस."

तिने आणली नाही. सप्टेंबरात मर्डो अँगसने माणसं लावून बांध भरला, वर गवत लावलं. पहिली रांग होती तिथेच आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं काहीतरी असेल. फार चांगलं, फार लाडक्या माणसाचं, म्हणून कुलपात ठेवलेलं. त्याची राखण करताय असं तुम्हाला वाटत असेल. ते आत काय म्हणत असतं, ते मी तेवीस वर्षं म्हटलं आहे. आमच्यातली एक तर ते म्हणता म्हणताच विझली. आम्हाला जपायचं असेल तर जरूर जपा, पण ज्याच्यासाठी जपलंत, त्याच्या कामी येण्याइतपत जीव आमच्यात शिल्लक आहे तोवर कुलूप उघडा.