बाबांच्या त्रेसष्ट जागा

आमच्या घरात मोबाइलची डॉक्टर मी. मीरा रोडला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, एवढ्याच भांडवलावर उत्तन या आमच्या कोळीगावातल्या सगळ्या आत्या-मावश्या माझ्याकडे फोन घेऊन येतात आणि मीही नाडी बघितल्यासारखा चेहरा करते. हाच शहाणपणा मला नडला.

दोन वर्षांपूर्वी बाबांचं विसरणं सुरू झालं. बाबांनी, काशीनाथ तांडेलांनी, चाळीस वर्षं स्वतःची बोट हाकली. मासे कुठे मिळतात, पाण्याखालच्या कुठल्या खडकावर जाळं फाटतं, सगळं त्यांच्या डोक्यात. चर्चचा मनोरा अमुक माडाच्या वर आला की थांबायचं, अशा खुणा. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्याच आठवड्यात माझा मोठा भाऊ नाथा त्यांना बोटीवर घेऊन गेला. बाबा थांब म्हणतील तिथे थांबायचं आणि फोनमधल्या नकाशावर खूण करायची. अकरा फेऱ्यांत त्रेसष्ट जागा झाल्या. प्रत्येकीला नाव बाबांनीच दिलं. आईशी साखरपुडा झाला त्या दिवशी जिथे मोठी घोळ मासळी मिळाली, ती आईच्या नावाने 'सुलूची जागा'.

नाथा म्हणाला, "माझ्या फोनात पन घेतो." बाबा भडकले. आमच्यात मासळीची जागा कोणाला सांगत नाहीत, सख्ख्या भावालासुद्धा नाही. "या फोनातून त्या फोनात गेली का गावभर झाली," बाबा म्हणाले. इंटरनेटवर ठेवायचं तर नावच काढू नका. त्यामुळे त्रेसष्ट जागा एकाच फोनात राहिल्या. नाथा समुद्रावर जाताना तो फोन नेई आणि आला की बाबांच्या हातात देई. संध्याकाळी बाबा ओट्यावर बसून एकेक नाव मोठ्याने वाचत.

गेल्या महिन्यात त्या फोनची मेमरी फुल्ल झाली. हळदीचे व्हिडिओ, नारळी पौर्णिमेचे फोटो, रोज सकाळचे फुलांवरचे नमस्कार. नकाशा उघडायला पाच-पाच मिनिटं. "जरा बघ ना," नाथा म्हणाला. माझी बस चुकत होती. ॲपच्या स्टोरेजमध्ये दोन बटणं असतात. एकाने ॲपने कामापुरता साठवलेला कचरा जातो, दुसऱ्याने त्याच्या पोटातलं सगळं जातं. हा फरक मी अर्ध्या उत्तनला शिकवलाय. मी दुसरं दाबलं. फोनने विचारलंसुद्धा, कायमचं जाईल, चालेल? असले प्रश्न मी कधी वाचते! हो म्हटलं.

नकाशा लगेच उघडला. नुसता निळा. एकही खूण नाही.

दुपारी तो फोन घेऊन स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्याकडे गेले. त्याने फोन उलटसुलट करून परत दिला. "मॅडम, फोटो होता तो शायद निकल आता. ये ताले में बंद था, और चाबी आपने ही मिटा दी." घरी येऊन नाथाला सांगितलं. तो चपला घालून बाहेर निघून गेला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी बाबांनी सवयीने हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी चष्मा लावला. नकाशा इकडे सरकवला, तिकडे सरकवला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला.

"समिधा," ते हळूच म्हणाले, "आता मना फोनातला पन दिसत न्हाय गो." त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. "आईला सांगू नको."

एवढा घाबरलेला माझा बाप मी कधी बघितला नव्हता. गप्प बसले असते तर सुटले असते, दोष आजारावर गेला असता. एक क्षण तसं मनात आलंही, खोटं कशाला बोलू.

"बाबा, तुमचं काही गेलं नाही. मी पुसलं सगळं. माझ्या हातून पुसलं गेलं."

"तू पुसलंस?"

"हो."

"म्हंजे माझा डोका ठीक हाय?"

मी मान डोलावली. बाबा ओट्यावर थाप मारून हसले. "जाऊ दे गो. उद्या बोट काढू. सांगतो परत एकेक." मी रडत होते आणि तेच माझी पाठ थोपटत होते.

दुसऱ्या दिवशी नाथा त्यांना खरंच घेऊन गेला. पहिल्या जागेपर्यंतही पोचले नाहीत. बाबांनी चर्चच्या मनोऱ्याकडे बराच वेळ बघितलं आणि नाथाला विचारलं, "आपन कुठं चाललोय?"

त्या संध्याकाळी ओट्यावर बाबांनी पुन्हा हात पुढे केला. पुन्हा चष्मा पुसला. "समिधा, आता मना फोनातला पन दिसत न्हाय गो. आईला सांगू नको."

एकदा आम्ही फोन लपवून बघितला, तर ते शोधत शोधत किनाऱ्यापर्यंत गेले. तेव्हापासून रोज देते. रोज ते घाबरतात, रोज मी सांगते की मी पुसलं, आणि रोज ते सुटल्यासारखे हसतात. उद्या बोट काढू, म्हणतात. मी हो म्हणते.