ड्रॉइंगमधलं भोक

नर्सचा फोन आला तेव्हा मी माझ्या बायकोच्या, एव्हरिलच्या गाऊनला इस्त्री करत होतो. "लवकर या," एवढंच ती म्हणाली. मी इस्त्री बंद केली, गाऊनची घडी घालून पिशवीत ठेवला आणि बसने गेलो. वॉर्डच्या दारात नर्सनं माझा हात धरला, तेव्हा कळलं.

बाहेरच्या बाकावर कुणीतरी टाकलेला पेपर होता. पहिल्या पानावर आमच्या जुन्या कारखान्याची गाडी, पेन्सविक. चव्वेचाळीस वर्षांनी ती परत येणार होती. एका चिनी कंपनीनं नाव आणि सगळे जुने कागद विकत घेतले होते. 'जुन्या ड्रॉइंगबरहुकूम, एक रेघही न बदलता,' असं खाली छापलं होतं. बायको जाऊन तास झाला नव्हता, आणि मी ती ओळच पुन्हा पुन्हा वाचत होतो. त्याची मला अजून लाज वाटते.

कारण एक रेघ चुकलेली आहे. हे दोघांनाच माहीत होतं. आता एकालाच आहे.

एव्हरिल एकोणीस वर्षांची असताना कारखान्यात वरच्या मजल्यावर कामाला होती. इंजिनियरांची पेन्सिलची ड्रॉइंगं शाईनं मेणकापडावर उतरवायची. तीन चुका झाल्या की नोकरी जायची, आणि तिच्या दोन झाल्या होत्या. मी खाली फिटर होतो. पुढच्या डाव्या चाकाकडे ब्रेकची रबरी नळी जाते. ती धरणाऱ्या पट्टीचं भोक तिच्या ड्रॉइंगमध्ये अर्धा इंच खाली आलं होतं. तसं पाडलं तर चाक डावीकडे पूर्ण वळून गाडी दबली की नळी चाकाला घासते. पहिल्या दिवशी काही होत नाही. चाळीस-पन्नास मैलांनी ती कापली जाते आणि ब्रेक जातात.

वरच्यांना काही सांगायचं नाही, हा आमचा नियम होता. त्यांचं फाटक वेगळं, जेवणाची खोली वेगळी. त्यांची चूक आम्ही खाली निस्तरायची आणि त्यांना हसायचं. मी पत्र्याचा एक साचा कापला, कशासाठी ते कुणाला सांगितलं नाही, आणि सगळे त्यावरून भोक पाडू लागले. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'ए. टी.' लिहिलेलं होतं. ही कोण ते मी विचारून घेतलं आणि संध्याकाळी त्यांच्या फाटकावर उभा राहिलो.

"तुमची रेघ अर्धा इंच खाली आलीये," मी म्हणालो.

ती पांढरीफटक पडली. "कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही. शनिवारी नाचायला याल का?"

"म्हणजे नाही आले तर सांगणार!"

"छे हो. नाही आलात तरी नाही सांगणार."

ती आली. पुढची अकरा वर्षं प्रत्येक गाडी माझ्या भोकानं बाहेर पडली. मग कारखाना बंद झाला. साचे भंगारात गेले, ड्रॉइंगं मात्र कुणीतरी जपून ठेवली.

अंत्यविधीनंतर महिन्याभरानं नव्या कंपनीच्या मिस्टर शेननी मला बोलावलं. जुन्या फिटरांपैकी चालताफिरता मी एकटाच उरलो होतो. ते स्वतः दारापर्यंत आले, मान झुकवून एव्हरिलबद्दल दुःख झाल्याचं म्हणाले. आत समोरच्या भिंतीवर तेच ड्रॉइंग, काचेच्या चौकटीत.

"ए. टी. म्हणजे तुमच्या पत्नी. जुन्या हजेरीपटात नाव सापडलं," ते म्हणाले. "असा हात आता कुणाचा राहिला नाही. पहिल्या गाडीला आम्ही त्यांचं नाव देतोय."

मी काचेत ते भोक शोधलं. अर्धा इंच खाली, तसंच होतं.

"एक विचारू का? ड्रॉइंगमध्ये नाही असं तुम्हाला काही माहीत आहे? माझे वडील लेथवर होते. कारखान्यातलं सगळं कागदावर येत नाही, हे मला कळतं."

माणूस उद्धट असता तर मला बरं झालं असतं. त्यानं मनापासून विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "सगळं त्यात आहे."

रविवारी टॅमसिन पर्सेल आली, पोर्कचा खिमा भरलेली पेस्ट्री घेऊन. तिचा बाप वॉल्ट माझ्या शेजारच्या बाकावर काम करायचा, आता अंथरुणातून उठत नाही. ती शर्यतीत गाड्या चालवायची. आता शेन साहेबांनी तिला नवी गाडी चालवून बघायच्या कामावर घेतलंय.

"डेस काका, ही काय दाढी? एव्हरिल काकूनं घरात घेतलं नसतं."

"आधी तुझ्या बापाला आरसा दाखव."

"त्याला दाखवला तर आरसा घाबरेल." ती हसली आणि पेस्ट्री कापायला बसली. "गुरुवारी मीच काढणार आहे काकूची गाडी. साठ मैल, टेकडीवरून. कॅमेरेवाले येणार आहेत."

"आतापर्यंत किती चालवलीस?"

"आठ मैल. काय ब्रेक आहेत काका! बोट लावलं की थांबते."

"डावीकडे पूर्ण वळवून बघितलीस?"

"कारखान्याच्या आवारात, एकदा. का?"

"सहज."

"तुम्ही सहज कधी काही विचारत नाही."

"चहा गार होतोय तुझा."

ती मग चहा प्यायली, बशी धुतली, माझ्या टकलावर टिचकी मारून गेली.

सोमवारी मी शेन साहेबांना चिठ्ठी लिहिली. चूक माझी होती असं लिहिलं. पण रेघ तिची आहे, शाई तिची आहे, कोपऱ्यातली अक्षरं तिची आहेत. ते काचेसमोर उभे राहतील आणि त्यांना कळेल. चिठ्ठी फाडली. काल टॅमसिनला फोन लावला. पलीकडे घंटा वाजली आणि मी ठेवून दिला. तिनं उलट केला, तो उचलला नाही.

शेवटच्या आठवड्यात औषधाच्या गुंगीत एव्हरिलनं मला विचारलं होतं, "तू ते कुणाला सांगितलं नाहीस ना, डेस?" मी नाही म्हणालो. ती बरं म्हणाली आणि झोपली. तिनं मला शपथ घातली नव्हती. फक्त विचारलं होतं. ती असती तर टॅमसिनसाठी तिनं स्वतःच फोन केला असता, हेही मला माहीत आहे. पण ती नाही, आणि तिचं नाव तेवढं माझ्याकडे आहे.

आज बुधवार. गाडी उद्या सकाळी दहाला निघेल. भोक ड्रॉइंगप्रमाणेच पाडलेलं आहे, आणि मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.