नोंद घेतली

“आमच्या घरात आता धड भांडणसुद्धा होत नाही गं, अक्का,” सासूबाई फोनवर थोरल्या बहिणीला सांगत होत्या. आवाज दबका होता. म्हणजे शेजारच्या खोलीत नीट ऐकू जाईल इतपतच दबका. “काल हिला म्हटलं, गॅलरीतल्या कुंड्या जरा उन्हात सरकव. तर म्हणते कशी, ‘आई, तुमच्या सूचनेची नोंद घेतली.’ झालं! कुंड्या आहेत तिथेच. आता भांडू कुणाशी? भांडायला समोर माणूस तरी नको का?”

शेजारच्या खोलीत कर्नलबाई बुटाची नाडी बांधत होत्या. त्यांना हसू आलं. म्हातारीने नेमकं पकडलं होतं.

बंदूक त्यांनी उमेदीच्या काळात चालवली ती चालवली. पुढची सगळी नोकरी गेली परक्या देशांच्या सैन्यांशी बोलण्यात. कुठलं शिष्टमंडळ कधी येणार, कोण कुणाच्या शेजारी बसणार, कुणाचा झेंडा कुणापेक्षा बोटभरही उंच दिसता कामा नये, आणि शेवटच्या संयुक्त निवेदनात ताकास तूर कशी लागू द्यायची नाही, हे सगळं त्यांच्याकडे. त्या जगाचा स्वतःचा शब्दकोश होता. ‘चर्चा मोकळेपणाने झाली’ म्हणजे भांडण झालं. ‘अत्यंत मोकळेपणाने झाली’ म्हणजे कुणीतरी उठून गेलं. ‘प्रस्ताव विचाराधीन’ म्हणजे कपाटात. आणि ‘नोंद घेतली’ म्हणजे नाही. साफ नाही, पण हसून. समोरच्या सैन्याकडेही हाच शब्दकोश असायचा, त्यामुळे कुणी कुणाला फसवलं असं व्हायचं नाही.

“आज निकाल ना?” नवऱ्याने डबा पुढे केला. तो शाळेत गणित शिकवायचा, आणि बायकोच्या बदल्यांच्या काळात घर, आई आणि मुलगी या तिन्ही आघाड्या त्याने एकट्याने लढवल्या होत्या. “चर्चा सौहार्दपूर्ण वातावरणात पार पडो, कर्नल.”

“पडेल. मी पाडते.”

ही फुशारकी नव्हती. त्यांना स्वतःवर भरवसा होता आणि तो लपवण्याचं कारण त्यांना कधी सापडलं नव्हतं. निवृत्तीनंतर ओळखीच्या बऱ्याच जणांनी काळजीचे चेहरे करून विचारलं होतं, “आता बाहेर कसं जमणार तुम्हाला?” बाहेर! जणू त्या इतकी वर्षं तुरुंगात होत्या. पलंगांच्या कारखान्याच्या मालकांनीही मुलाखतीत तेच विचारलं होतं. “मॅडम, आम्ही हॉस्पिटलचे पलंग बनवतो. तुम्हाला यातलं काय येतं?”

“पलंगातलं काही नाही,” त्या म्हणाल्या होत्या. “पण एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं मी एका टेबलावर जेवायला बसवली आहेत. तुमची गिऱ्हाइकं तर पैसे द्यायला येतात.”

मालक खूश झाले. मोठ्या गिऱ्हाइकांशी बोलण्याचं काम दिलं, सहा महिने बघू म्हणाले, मग कायम. ते सहा महिने आज संपत होते.

काम त्यांना आवडलं होतं, हे खरं. चाकांना तेल देणाऱ्या बाईपासून रंगाच्या खोलीतल्या मास्तरांपर्यंत सगळ्यांची नावं आठवड्यात पाठ झाली. मिटिंगच्या खोलीतलं भलंमोठं टेबल त्यांनी हलवून गोल टेबल आणलं, कारण लांब टेबलाला दोन बाजू असतात. दारावरचा रखवालदार कुणी न सांगता त्यांना सलाम ठोकू लागला. मालकांनाही तो ठोकत नसे, त्यामुळे मालक थोडे रुसले.

एकच गोष्ट होती. कारखान्यात तिला ‘चाकाचा विषय’ म्हणत.

नव्या पलंगांचा ब्रेक टिकत नव्हता. पायाने कळ दाबली की चाक अडायचं, पण कठड्यावर जरा भार पडला की हळूच सुटायचं. जुना पोलादी खटका काढून त्या जागी हलका, स्वस्त खटका बसवण्याची कल्पना मालकांच्या जावयाची. जावई तसा गुणी, हसतमुख, सगळ्यांच्या वाढदिवसाला केक आणणारा. पण जावई म्हणजे दशम ग्रह. बाकीचे नऊ परवडले. मालक लेकीकडे बघून गप्प, कामगार मालकांकडे बघून गप्प. सगळे मूग गिळून बसलेले. ‘ब्रेक’ हा शब्दच कारखान्यातून हद्दपार झाला होता. परवा एक जण गाडी चालवताना मांजर आडवं आल्याचं सांगत होता, तोही ‘मग मी गाडी थांबवली’ म्हणाला.

या विषयाची पहिली तक्रार आली ती कर्नलबाईंच्या दुसऱ्याच महिन्यात, एका मोठ्या हॉस्पिटलच्या मेट्रनकडून. मालक म्हणाले, काहीतरी छान लिहा. त्यांनी छान लिहिलं. ‘आपल्या निरीक्षणाची आम्ही गांभीर्याने नोंद घेतली आहे.’ मालकांनी पत्र दोनदा वाचलं आणि मांडीवर थाप मारली. “काय भाषा आहे! आपण काय केलं, काय करणार, काही म्हणजे काही कळत नाही!” मेट्रनचं पुन्हा पत्र आलं नाही. कर्नलबाईंनी मानलं, बाई शहाणी आहे, नकार समजला. एक लढाई न लढताच जिंकली असं समजून त्यांनी विषय मनातल्या कपाटात ठेवून दिला.

आज ती मेट्रन स्वतः येत होती.

“जुनं गिऱ्हाईक आहे, नवी ऑर्डरही तिच्याच हातात,” मालकांनी सकाळी बजावलं. “तुम्ही निवेदन वाचा. फरशी म्हणा, दमट हवा म्हणा, वापर म्हणा. तो शब्द तेवढा नको. एवढं निभावलं की तुमच्या कायमच्या पत्रावर मी संध्याकाळीच सही करतो.” जावई शेजारी उभा राहून पेनाचं टोपण उघडत होता, लावत होता.

मेट्रन आली. बुटकी, रुंद खांद्यांची, छातीवर उलटं घड्याळ टाचलेली. रागावलेली दिसत नव्हती. कर्नलबाईंना तिथेच पहिली शंका आली. रागावलेल्या माणसाचं काय करायचं हे त्यांना पाठ होतं.

“पत्राबद्दल आधी आभार मानते,” मेट्रन म्हणाली. “इतर कंपन्या उत्तरसुद्धा देत नाहीत. तुम्ही लिहिलंत, नोंद घेतली. मी आमच्या सगळ्या सिस्टरना सांगितलं, आता काळजी नको, त्यांनी मनावर घेतलंय, माणूस येईल बघायला. मग आम्ही वाट बघत राहिलो.”

कर्नलबाईंच्या हातातलं निवेदन हातातच राहिलं.

“गेल्या आठवड्यात एक आजोबा कठडा धरून उठायला गेले. पलंग सरकला. आमच्या एका सिस्टरने झेप घेऊन त्यांना धरलं. आजोबांना खरचटलंसुद्धा नाही. तिचं मनगट मोडलं. भिंत आणि पलंगाच्या मध्ये सापडलं.” मेट्रनने चष्मा पुसला. “मी म्हटलं, फोनवर नको, जाऊनच विचारू. माणूस निघाला होता का? वाटेत काही अडचण आली का?”

तिच्याकडे तो शब्दकोशच नव्हता. तिला ‘नोंद घेतली’ म्हणजे नोंद घेतली असं वाटलं होतं. कुणी काही लिहून घेतलं, म्हणजे ते आता करणार. साध्या माणसांत त्या शब्दांचा तेवढाच अर्थ होता, आणि सासूबाईंनीही आधी तेच धरलं असणार, कुंड्या हलल्या नाहीत तेव्हा कुठे त्यांना कळलं.

मालक खाकरले. “मॅडम, ते निवेदन...”

इतक्या वर्षांची सवय. तोंड आपोआप उघडलं. “विशिष्ट वातावरणात चाकांच्या वर्तनात काही प्रमाणात तफावत...”

“चाकांना वर्तन असतं?” मेट्रनने विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

“म्हणजे फरशीवर अवलंबून असतं ना ते,” जावई घाईघाईने म्हणाला. “काही फरश्या फार गुळगुळीत असतात.”

“आमची फरशी जुनीच आहे. आधीचे पलंग त्याच फरशीवर होते. तेही तुमचेच.”

गोल टेबलाला बाजू नव्हत्या, त्यामुळे कुठे बघावं हेही कुणाला कळेना. मालक छताकडे बघत होते, जावई टोपणाकडे. पूर्वी अशा शांततेत कर्नलबाई मनातल्या मनात खूश व्हायच्या: बसू दे, समोरचा आधी बोलेल. आज त्यांच्या लक्षात आलं की समोरचीला जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. आता पाळी त्यांची स्वतःची होती.

संध्याकाळचं पत्र त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. नाही असं नाही. कायमची नोकरी, रखवालदाराचा सलाम, ‘बाहेर कसं जमणार’ म्हणणाऱ्यांची बंद झालेली तोंडं. मग त्यांनी निवेदनाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. नोकरी काय, दुसरी मिळेल. आपल्याला न घेणारा कारखाना मूर्ख, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

खोलीच्या कोपऱ्यात दाखवायला ठेवलेला नवाकोरा पलंग होता, गादीवरचं प्लास्टिकही न काढलेला. कर्नलबाई उठल्या. पायाने कळ खाली दाबली. टक्‌ असा छान आवाज आला. प्लास्टिकवर कुरकुरत त्या आडव्या झाल्या, बुटांसकट.

“मॅडम, हे काय?” मालक अर्धवट उठले.

“बसा, साहेब. उठायचा प्रयत्न करते.”

त्यांनी आजोबांसारखा कठडा धरला आणि अंगाचा भार टाकला. क्षणभर काही झालं नाही. जावयाने सुटकेचा निःश्वास टाकला. मग पलंग निघाला. सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखा, कर्नलबाईंना घेऊन तो खोली ओलांडून आला आणि मालकांच्या खुर्चीला येऊन टेकला. मालकांचं पाणी सांडलं.

कर्नलबाई पलंगावर उठून बसल्या. केस विस्कटले होते. शिष्टमंडळांपुढे लागायचा तोच आवाज त्यांनी लावला, स्वच्छ आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचणारा, आणि बोलल्या मात्र घरातल्यासारख्या.

“माणूस निघालाच नव्हता, मेट्रन. ब्रेक खराब आहे. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि ते पत्र मी लिहिलं.”