भाऊजींनी भरलेली हवा

भाऊजी दंतवैद्य होते. समोरच्याचं तोंड उघडं आणि बोलणं बंद, अशी त्यांना वीस वर्षांची सवय. त्यामुळे सायकल घेतल्याला दोन महिने होतात न होतात तोच ते सायकलीतले तज्ज्ञ झाले आणि भेटेल त्याच्यापुढे अक्कल पाजळू लागले. त्यांची मेहुणीही त्यातून सुटली नाही. मेहुणी, म्हणजे धाकटी, सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायची. तिच्या नखांतलं ग्रीस साबणाला दाद देत नसे, आणि भाऊजींचा आवाज ऐकला की तिची अक्कलदाढ नुसती ठणकायची.

राष्ट्रीय उद्यानातल्या डोंगररस्त्यावर भाऊजींच्या सायकल सहलीला ती गेली ती थोरल्या बहिणीसाठी. "तू बरोबर असलीस की मला धीर असतो गं," एवढंच थोरली फोनवर म्हणाली होती.

खडीवर टायर जरा मऊ असावा लागतो, तरच तो दगड पचवतो. धाकटीने आदल्या दिवशी तिन्ही सायकलींत बेतानं हवा भरली होती. सकाळी वनखात्याच्या चौकीत नावं लिहून ती बाहेर आली, तर भाऊजी पंप मारून घामाघूम झालेले. टायर दगडासारखे कडक.

"हे काय केलंत?"

"कडक टायर, कमी घर्षण. साधं विज्ञान आहे."

"वर सगळी खडी आहे, भाऊजी."

"म्हणूनच तर!"

धाकटीने स्वतःच्या टायरची हवा सोडली. थोरलीच्या सायकलीकडे वळली, तर थोरली हळूच म्हणाली, "असू दे गं. त्यांनी हौसेनं भरलीय."

रस्ता सुरू झाला आणि थोरलीची सायकल तव्यावरच्या लाहीसारखी उडायला लागली. चौथ्या वळणावर फाटकन आवाज झाला. टायर बाजूने अंगठाभर फाटला होता.

भाऊजी पुढे होते. त्यांनी मान वळवली, पाय मात्र पेडलवरून काढला नाही. हँडलवरच्या मीटरकडे पाहिलं.

"चढावर थांबलं की लय तुटते. तुम्ही या मागून. मी खिंडीत थांबतो."

आणि तिघांचा खाऊ पाठीवरच्या खिशात घेऊन ते निघून गेले. त्या चकचकीत पाठीकडे धाकटी बघत राहिली. इतकी महागाची सायकल आणि इतका स्वस्तातला माणूस, तिच्या मनात आलं.

तिने पिशवीतल्या जुन्या टायरचा तुकडा कापून फाटल्या जागी आतून लावला आणि नवी ट्यूब बसवली. चाक धरून बसलेली थोरली एकदम म्हणाली, "पोरीच्या वेळी मला दवाखान्याच्या दारात सोडून हे गाडी लावायला गेले होते. पोरगी झाल्यावर उगवले."

"कधी बोलली नाहीस."

"त्यात काय बोलायचं?" थोरली म्हणाली आणि चाकावरची धूळ पदराने पुसावी तशी बाहीने पुसत बसली.

खिंडीत भाऊजी नव्हते. पलीकडच्या उतारावर सापडले. सायकल उलटी, पुढचं चाक सपाट, शेजारी नवी ट्यूब तशीच पुडक्यात. ते दगडावर बसून केळं खात होते. शेवटचं.

"किती वेळ! तुमचीच वाट बघत होतो." मग धाकटीकडे न बघताच हात पुढे करून, दवाखान्यातल्या नर्सला सांगावं तसं म्हणाले, "हे जरा बघ. ट्यूबच हलकी निघाली."

हाताला सवय वाईट. धाकटी खाली बसायला वाकलीसुद्धा.

"राहू दे," थोरली म्हणाली. तिने धाकटीच्या पिशवीतून टायर काढायच्या दोन पट्ट्या घेतल्या आणि नवऱ्याशेजारी दगडावर ठेवल्या. "अहो, साधं विज्ञान आहे. आम्ही खाली तळ्यावर बसतो."

भाऊजींच्या गालात केळं तसंच राहिलं.

तळ्याच्या गार पाण्यात पाय सोडल्यावर थोरली धास्तावली. "मी जास्त बोलले का गं?"

"वीस वर्षांच्या संसाराच्या मानाने कमीच."

दीड तासाने भाऊजी आले. सायकलवर बसून आले, हात कोपरापर्यंत काळे. टायर उलट्या बाजूने बसवला होता, पण बसवला होता. धाकटीला क्षणभर त्यांच्याबद्दल बरं वाटलं. चांगलं म्हणायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊजी सुरू झाले.

"बघ, पट्टी आधी वॉल्व्हच्या समोरच्या बाजूने घालायची. तुम्ही मेकॅनिक लोक इथेच चुकता. तुझ्या दुकानात करून बघ, वेळ वाचेल."

धाकटीने तोंड मिटून घेतलं. हा माणूस बुडत असता तरी वाचवणाऱ्याला पोहायला शिकवत राहिला असता!

थोरली मात्र हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. भाऊजी गोंधळून कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे बघू लागले.

"काय झालं हसायला?"

"काही नाही," थोरली बूट चढवत म्हणाली. "तुम्ही सावकाश या."

पुढचा सगळा उतार ती एकटी पुढे होती. वळणावर तिचं चाक खडीत जरा घसरलं, तिने तोल सावरला आणि वेग तसाच ठेवला.