सुट्टीवरचा माणूस

शोकसभेत बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार! आंजी गावच्या शाळेच्या पटांगणात जो उठायचा तो तेच सांगायचा, की हवालदार पुंडलिकरावांनी चोवीस वर्षं फौजेत काढली, पेन्शनीत निघाले, तरी देशासाठी पुन्हा वर्दी चढवली. लोक माना डोलवत होते.

त्यांची बायको अनुसयाबाई खाली मान घालून ऐकत होती. देशसेवेचं वेड म्हणे! डोंबलाचं वेड. त्या माणसाला स्वतःच्या घरात जागा नव्हती, म्हणून तो गेला.

शहाण्णव साली पुंडलिकराव कायमचे घरी आले, तोवर घर त्यांच्यावाचून चालायला पार शिकलं होतं. वावर तिचा भाऊ पाहायचा, थोरल्या पोराच्या, प्रफुलच्या शाळेत तीच जायची, गॅसचा नंबरही तीच लावायची. बिचारे पहाटे उठून अंगण झाडायचे, तर शेजारणी हसायच्या. पोरांना परेडच्या आवाजात हाक मारायचे, तर पोरं स्वयंपाकघरात पळायची. एक दिवस आठ वर्षांची रक्षा दोरीवरच्या उड्या मारता मारता थांबली अन् म्हणाली, "बाबा, तुमची सुट्टी कधी संपते?"

पुंडलिकराव हसले. अनुसयाबाईही हसली. तिथंच सगळं चुकलं. पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला असता तरी चाललं असतं, पण ही बया हसली, कारण तिच्याही मनात तेच होतं.

निवृत्त फौजींना दारूगोळ्याच्या डेपोच्या पहाऱ्यावर परत घेतात, त्या भरतीत ते महिन्याभरात जाऊन उभे राहिले. तिनं म्हटलंही, "पुलगावचा डेपो मागून घ्या ना. रोज घरी येनं होईन."

"दूरच बरं," ते म्हणाले. "तुमाले सवय हाये."

त्यांनी आसामकडचं ठिकाण मागून घेतलं. मग सुट्टीही घेईनात. सात वर्षांनी तिथंच, पहाऱ्यावर छातीत कळ येऊन गेले.

शवपेटीसोबत त्यांच्या बराकीतला बैजनाथ आला होता. सभा आटोपल्यावर तो घरी चहाला बसला. संध्याकाळच्या गाडीनं तो परत जाणार होता, अन् अनुसयाबाईचं काळीज कुरतडणाऱ्या एका प्रश्नाचं उत्तर फक्त त्याच्याजवळ होतं.

"भाऊ," तिनं एकदाचं विचारलं, "वो हमपर नाराज थे का? खरं सांगा जी."

"नाराज?" बैजनाथनं कप खाली ठेवला. "भाभीजी, वो तो घर की बात करते थकते नहीं थे। कहते थे, छुट्टी गया तो बच्चे लौटने नहीं देंगे। बिटिया तो मेरी ही थाली में खाती है, मेरे ही पास सोती है। हमको तो जलन होती थी।"

असलं काही या घरात एक दिवस, अहो एक दिवसदेखील झालं नव्हतं. माणसानं मनातल्या मनात एक घर बांधलं होतं, अन् सात वर्षं तो त्यातच राहिला होता. त्याहून त्यानं शिव्या घातल्या असत्या तर तिनं पदर पसरून घेतल्या असत्या.

तेवढ्यात रक्षा पाण्याचा गिलास घेऊन आली. बैजनाथनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "यही है न? बेटी, पापा की थाली में ही खाती थी न तू?"

पंधरा वर्षांच्या रक्षानं आईकडं पाहिलं. बापाचं ताट काय, बाप जेवायला कसा बसायचा हेही तिला धड आठवत नव्हतं.

"सांग ना माय त्याइले," अनुसयाबाई म्हणाली.

"हो," रक्षा म्हणाली. "बाबाच्याच ताटात."

अन् ती ढसाढसा रडायला लागली. पोरीला बापाची आठवण आली असं समजून बैजनाथ तिला थोपटत राहिला. कसली आठवण! आठवायला काहीच नव्हतं, म्हणून तर रडत होती पोर.