खेळाला कुलूप लावणारा डबा

मी एक जुना सेट-टॉप बॉक्स आहे. फिजीतल्या नावुनिलेवा गावात मला सगळे नुसतं 'डबा' म्हणत. म्हणोत बापडे! मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल की मी खेळ दाखवण्यासाठी जन्मलो. छे! दाखवायचं काम टीव्हीचं. माझा जन्म अडवण्यासाठी झाला. पैसे भरलेल्याला आत सोडायचं आणि बाकीच्यांना काळा पडदा दाखवायचा, एवढंच मला कारखान्यात शिकवलं होतं. कुलपाला जेवढी दया असते, तेवढीच मला होती.

माझ्या आधी या गावात कुलूप नव्हतं. रग्बीचे सामने साध्या वाहिनीवर फुकट लागत. ते दाखवायचा हक्क तेव्हा कोणी फारसं मागत नसे. पुढे परदेशी कंपन्यांना कळलं की या बेटांवरची माणसं एकवेळ जेवण सोडतील, पण रग्बी सोडणार नाहीत. मग काय विचारता! बोलीवर बोली लागली आणि हक्काची किंमत आभाळाला भिडली. एका कंपनीने सगळे सामने घेतले आणि ते पैसे वसूल करायला माझ्यासारखे हजारो डबे घडवले.

गावातल्या बायकांनी चटया विणून विकल्या, तेव्हा कुठे मी सभागृहातल्या टीव्हीशेजारी येऊन बसलो. सगळ्यांत जास्त चटया वासितीने विणल्या. तिचा मुलगा इसोआ तीन वर्षं फ्रान्समधल्या एका संघात खेळत होता. तेव्हा खिशाखिशात फोन नव्हते. तीन वर्षं तिने लेकाचं तोंड पाहिलं नव्हतं. ती मला रोज फडक्याने पुसायची आणि म्हणायची, "डब्या, माझा इसोआ आला की नीट दाखव हं. तेव्हा झोपू नकोस, मेल्या." मला हसू यायचं. पैसे भरा, दाखवतो. त्यात नीट काय अन् वाईट काय?

आणि एकदा खरंच बातमी आली. इसोआला देशाच्या संघात घेतलं होतं. शनिवारी दुपारी, न्यूझीलंडमध्ये, पहिल्याच मिनिटापासून तो मैदानात उतरणार होता. गावाने डुक्कर मारायचं ठरवलं. वासितीने समोर बसण्यासाठी नवी चटई विणली.

शनिवारी सकाळी वाइसाके होडीतून आला.

मित्रांनो, मामाच्या घरी तुमचे लाड होतात ना? फिजीत भाच्याचे लाड याच्या कितीतरी पुढे जातात. आईच्या माहेरगावात भाच्याने एखाद्या वस्तूकडे बोट दाखवलं, की ती त्याची. नाही म्हणायचं नसतं, तोंडही वाकडं करायचं नसतं. वाइसाके गावप्रमुख अपोरोसाचा सख्खा भाचा, म्हणून गावातल्या सगळ्याच बायका त्याच्या मामी. त्याने आधी दोन डुकरं नेली होती, मग गावाच्या होडीचं इंजिन नेलं होतं. आज तो सभागृहात आला, पाय पसरून बसला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"मामा, हा डबा न्यायला आलोय. माझा डबा कंपनीने बंद केला. आज घरी पाहुणे आहेत, त्यांना काय भिंत दाखवू?"

अपोरोसाचा चेहरा उतरला, पण तो म्हणाला, "ने की. तुझंच आहे सगळं."

"वाइसाके," वासिती पुढे आली, "आज नको रे बाबा. उद्या ने, कायमचा ने. आज इसोआ खेळतोय."

"मामी, इसोआला बाकावर बसवतील बघ!" वाइसाके हसला. "नुसती बसलेली माणसं बघायची असतील तर इथे थोडी आहेत का?"

दोघंचौघं कसंनुसं हसली. वासिती आणखी काही बोलणार, तोच अपोरोसाने तिला दटावलं, "गप्प बस. भाच्यासमोर गावाची लाज काढू नकोस." एवढी माणसं होती तिथे, धडधाकट, मैदानात बैलासारखी भिडणारी. एकानेही तिची बाजू घेतली नाही. वाइसाकेने माझ्या तारा उपटल्या आणि मला काखेत मारलं. त्याच्या मागे जावं, तर होडीला इंजिन कुठे होतं?

दुपारी मी वाइसाकेच्या घरात होतो. पाहुणे आलेच नाहीत. त्याने एकट्यानेच यंगोनाच्या मुळांचं गढूळ पाणी वाटीवर वाटी ढोसलं आणि राष्ट्रगीत सुरू होण्याआधीच तो घोरायला लागला.

मी मात्र जागा होतो. कॅमेरा एकेका खेळाडूच्या चेहऱ्यावरून सरकत गेला आणि इसोआपाशी थांबला. वासितीसारखंच नाक, तीच हनुवटी. त्याने थेट कॅमेऱ्यात पाहिलं. सगळे गात होते, पण त्याचे ओठ वेगळंच काही बोलले. "आई, दिसतोय का गं?" असं म्हणून तो हसला.

उत्तराला वाइसाकेचं घोरणं तेवढं होतं.

इसोआ छान खेळला हो. उत्तरार्धात तो चेंडू घेऊन सुसाट निघाला, दोघांनी त्याला उचलून आपटलं आणि तो मानेवर पडला. उठलाच नाही. तेवढ्यात कंपनीने जाहिरात लावली. साबणाची. एक बाई फेसात हात घालून खिदळत होती. ती वेळ आधीच विकलेली होती ना! जाहिरात संपली, तेव्हा दुसराच खेळाडू त्याच्या जागी धावत होता.

गावात वासिती नव्या चटईवर बंद टीव्हीसमोर रेडिओ कानाला लावून बसली होती, असं बायका नंतर सांगत. इसोआ तिसऱ्या दिवशी तिकडच्या इस्पितळात वारला. पेटी आली ती मोहोरबंद. उघडायची नाही, असा तिकडचा नियम होता.

अंत्यविधीला वाइसाके मला परत घेऊन आला. वासितीने त्याचा हात धरला. "तू पाहिलंस ना त्याला? कसा दिसत होता? माझ्यासाठी काही म्हणाला का?"

वाइसाकेने मान खाली घातली. "नाही मामी. खेळात कुठली सवड? पण दिसत मस्त होता."

अरे हलकटा! मी आत तडफडत होतो, पण मला वाचा कुठे होती? अडवायलाच तर माझा जन्म, आणि जे पोचायला हवं होतं नेमकं तेच बोलणं माझ्यापाशी अडलं.

पुढे हक्काची किंमत कोसळली. लोक पैसे भरेनात, परदेशातले प्रेक्षकही पांगले, कंपनी बुडाली. तिचं सामान घेतलेल्या दुसऱ्या कंपनीच्या शहरातल्या कचेरीत वासिती गेली, तो सामना पाहायला मिळेल का ते विचारायला, मला पिशवीत घेऊन. तिथला तरुण कारकून म्हणाला, "मावशी, त्या सामन्याची फीत गोदामात आहे. पण दाखवायचा हक्क बुडालेल्या कंपनीचा. तो विकत घ्यायला कोणी तयार नाही, कवडीची किंमत नाही त्याला."

"किंमत नाही, तर मग दाखव की रे फुकट!"

"तसं नाही करता येत."

"मला एकटीला दाखव. दार लावून घे."

"हक्क नाही, मावशी," तो म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

आता सगळे सामने पुन्हा साध्या वाहिनीवर फुकट लागतात. शनिवारी सभागृह दणाणतं. वासिती तिकडे जात नाही. ती मला मांडीवर घेते, खोबरेल तेलाच्या बोटाने माझ्या फटी पुसते आणि तारेच्या भोकाला कान लावते. इसोआ माझ्यातून गेला, म्हणजे थोडासा माझ्यात राहिला असणार, असं तिने ठरवून टाकलंय.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. मी हात जोडून उलटं मागतो. मला जपू नका. माझ्यात काही उरत नाही, आलं तसं निघून जातं. मला तिच्या मांडीवरून कोणीतरी उचला आणि समुद्रात फेका. पण तिच्याकडे मागायची हिंमत गावात कोणाला नाही, आणि ज्याला ती नाही म्हणू शकत नाही, तो वाइसाके आता गावात पाऊल टाकत नाही.